लखलखीत देव, पुसलेला इतिहास

धागा : घराघरांतल्या प्राचीन कांस्यवस्तू, त्यांचे जतन, आणि जतनाच्या नावाखाली होणारा त्यांचा नाश

१/
दसरा-दिवाळी जवळ आली की इचलकरंजीतल्या जुन्या वाड्यांची देवघरे रिकामी होतात. समया, ताम्हने, पंचपात्री, घंटा परातीत येतात आणि त्यांच्याबरोबर एखादी काळपट-हिरवी मूर्तीही येते. ती कोणी आणली, कोठून आणली, हे पणजोबांबरोबर गेलेले असते. मग चिंच, मीठ, राख आणि अलीकडे बाजारात मिळणारी पूड. तासाभरात सारे लखलखू लागते. घरात समाधान पसरते, आणि काही शतकांचा पुरावा मोरीतून पंचगंगेच्या वाटेला लागलेला असतो.

२/
या धाग्याचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते : प्राचीन कांस्याचे जतन म्हणजे त्याची साक्ष जपणे, आणि आपल्याकडे जतनाच्या नावाखाली नेमकी हीच साक्ष दोन प्रकारे मारली जाते. पहिला प्रकार घासण्याचा. दुसरा गप्प राहण्याचा. घासल्याने वस्तूचा पृष्ठभाग जातो, गप्प राहिल्याने तिची हकीकत जाते. दोन्ही गमावलेली मूर्ती कितीही सुंदर असली तरी इतिहासाच्या दृष्टीने ती मुकी असते.

३/
आरोप मोठा आहे, म्हणून पुराव्यापासून सुरुवात करणे योग्य. पंचगंगेच्या प्रवाहाविरुद्ध इचलकरंजीहून सुमारे ३० किलोमीटरवर कोल्हापूर, आणि तेथे नदीकाठी ब्रह्मपुरीची टेकडी. १९४० च्या दशकाच्या मध्यात या टेकडीत कांस्यवस्तूंचा एक ठेवा सापडला. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीचे थर उघडे झाले आणि १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजने त्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

४/
या ठेव्यात ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती. रोमन घडणीचे भांडे होते, आरसा होता, आणि देशी घडणीचा, पाठीवर स्वार बसलेला हत्तीही होता. भूमध्य समुद्राकाठी ओतलेला देव सह्याद्री ओलांडून पंचगंगेकाठी आला होता. या वस्तू आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. त्या कोणी जमवल्या असतील? परदेशी मालाच्या हौशी व्यापाऱ्याने, की वितळवण्यासाठी जुने कांसे गोळा करणाऱ्या कासाराने? उत्तर काहीही असो, एका अर्थाने तोही खाजगी संग्रहच होता.

५/
हे प्रश्न तरी आज विचारता येतात, ते का? या वस्तू एकत्र सापडल्या, एकत्र राहिल्या आणि ब्रह्मपुरीच्या आहेत हे लिहून ठेवले गेले, म्हणून. आता यातला पोसायडन एकटाच बाहेर आला असता तर? कोणा शेतकऱ्याने तो उचलला असता, देवघरात ठेवला असता, दर दिवाळीला चिंचेने घासला असता. चार पिढ्यांनंतर तो दाढीवाला कोणी ऋषी ठरला असता. घर सोडून गेलेल्या वारसाने तो वजनावर विकला असता. पश्चिम महाराष्ट्राचा रोमशी असलेला व्यापारी संबंध सांगणारा एक साक्षीदार मोडीत निघाला असता.

६/
ही भीती काल्पनिक आहे, असे म्हणणाऱ्यांनी दायमाबाद आठवावे. जिल्हा अहमदनगर (आता अहिल्यानगर), तालुका श्रीरामपूर, प्रवरेचा काठ. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना चार भरीव धातुशिल्पे मिळाली : बैल जुंपलेला रथ आणि सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन ६० किलोंहून अधिक. भारतीय पुरातत्त्वातल्या सर्वांत विलक्षण शोधांपैकी हा एक. वस्तू वाचल्या, राष्ट्राच्या संग्रहात गेल्या. येथवर कथा सुखाची आहे.

७/
पुढे मात्र वाद आहे. म. के. ढवळीकरांसारखे अभ्यासक ही शिल्पे उत्तर-हडप्पा काळातील मानतात. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या विश्लेषणावरून, विशेषतः त्यातल्या १ टक्क्याहून अधिक आर्सेनिकवरून, इतक्या प्राचीन कालनिर्णयावर शंका घेतली. वाद मिटत नाही, कारण शिल्पे उत्खननाच्या खड्ड्यात, थराच्या नोंदीसह मिळालेली नाहीत. नंतर तेथे अनेक हंगाम उत्खनन झाले, तरी तो एक क्षण परत आणता आला नाही. ज्या शोधाकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले त्याची ही गत, तर वाड्यातल्या कपाटातल्या मूर्तीचे काय?

८/
आता घासण्याकडे वळू. कांसे म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील. हवा, पाणी व माती यांच्या सहवासात शतकानुशतके राहिल्यावर त्याच्यावर तांब्याच्या ऑक्साइडांचा व कार्बोनेटांचा थर चढतो. तो गुळगुळीत, घट्ट, गडद हिरवा वा तपकिरी असतो. लोक त्याला मळ समजतात. वस्तुतः तो धातूचे रक्षण करणारी साल आहे. त्या सालीत मातीचा अंश असतो, जवळ पडलेल्या कापडाचा ठसा असू शकतो, मुलाम्याचा कण असू शकतो. ओतकाम कोठे झाले आणि वस्तू कशात पुरली गेली, हे विचारायचे तर तिलाच विचारावे लागते.

९/
मात्र प्रत्येक हिरवेपणा निरुपद्रवी नसतो. फिकट, पोपटी, भुकटीसारखे ठिपके दिसू लागले, बोट लावताच पूड सुटू लागली, की तो ‘कांस्यरोग’ असण्याची शक्यता असते. धातूच्या आत दडलेले क्यूप्रस क्लोराइड ओलावा व प्राणवायू मिळताच जागे होते. त्यातून भुसभुशीत हिरवे क्षार आणि आम्ल तयार होते, ते आम्ल ताज्या तांब्याला खाते आणि पुन्हा क्लोराइड बनवते. हे चक्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तलो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडले. क्लोराइड व ओलावा आहेत तोवर ते थांबत नाही. मूर्ती आतून पोखरली जाते.

१०/
रोगाचे बीज क्लोराइड आहे, हे ध्यानात घेऊन परातीकडे पुन्हा पाहावे. चिंचेचे आम्ल रक्षक साल विरघळवते. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. उघड्या पडलेल्या सच्छिद्र धातूत ते नेमके जेथे जाऊ नये तेथे शिरते. आजच्या स्वयंपाकघरातल्या नव्या पितळी तांब्याला या घासण्याने काही होत नाही, कारण त्याला धुऊन, पुसून, वापरून पुन्हा घासायचेच असते. दहा शतकांच्या मूर्तीला मात्र हा उपचार म्हणजे रोगाची लागण होय. साफसफाई करणाऱ्या हातांचा हेतू शुद्ध असतो, पण रसायनाला हेतू कळत नाही.

११/
पॉलिशबद्दल कोणाला शंका असेल त्याने जवळच्या हुपरीला जाऊन चांदीच्या कारागिराला विचारावे. पॉलिश म्हणजे धातू कमी करणे, हे त्याला वजनकाट्याने शिकवलेले असते. तो उडालेल्या चांदीची घट मोजतो, तिची भुकटीसुद्धा झाडून ठेवतो. प्राचीन मूर्तीच्या बाबतीत ही घट कोण मोजतो? नाकाची धार बोथट होते, बोटांतल्या कमळाची पाकळी पुसट होते, आणि सर्वांत आधी जातो तो पाठीवरचा किंवा पीठावरचा कोरीव लेख.

१२/
त्या लेखाचे मोल या भागाला तरी सांगावे लागू नये. हातकणंगले-शिरोळच्या पट्ट्यात जैन वस्ती मोठी व जुनी आहे. मध्ययुगीन जैन धातुमूर्तींच्या पाठीवर वा पीठावर शक अथवा संवत, तिथी, दात्याचे नाव आणि आचार्यांचे नाव कोरण्याची रीत होती. दिगंबर मूर्तींवर मूलसंघ, सेनगण, बलात्कारगण अशी नावे येतात. राजांच्या ताम्रपटांत ज्यांना जागा मिळाली नाही अशा व्यापाऱ्यांचा, त्यांच्या बायकामुलींचा इतिहास या चार-पाच ओळींत असतो. तो बहुधा दुसरीकडे कोठेही नसतो. दर पर्वाला ब्रश फिरतो आणि एकेक अक्षर कमी होते.

१३/
येथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो हलका नाही. “मूर्ती पूजेची आहे, प्रदर्शनाची नाही. देवाला काळपट ठेवायचे का? अभिषेक बंद करायचा का?” पूजेतला देव हा भक्तासाठी जिवंत असतो. त्याला काचेत कोंडण्याचा अधिकार कोणा संशोधकाला नाही. परंतु झिजत चाललेल्या मूर्तीचे काय करावे, हा प्रश्न परंपरेला नवा नाही आणि परंपरेकडे त्याचे उत्तरही आहे. मूळ मूर्ती आणि उत्सवमूर्ती हा भेद संशोधकांनी शोधलेला नाही.

१४/
उदाहरणासाठी दूर जायला नको. कोल्हापूरच्या अंबाबाईची मूर्ती पाषाणाची. शतकांच्या अभिषेकाने तिची झीज झाली, तेव्हा मूळ मूर्तीवरचा अभिषेक थांबवून तो उत्सवमूर्तीवर होऊ लागला, आणि २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी मूळ मूर्तीचे रासायनिक संवर्धन केले. वाद झाले, मतभेद राहिले. तरीही साडेतीन शक्तिपीठांपैकी एका पीठात जे होऊ शकते, ते घरच्या देवघरात अशक्य कसे? जुनी मूर्ती चौरंगावर, अभिषेकाला नवी छोटी प्रतिमा, आणि जुनीला केवळ फूल व कोरडे वस्त्र. यात भक्तीचे काय उणे होते?

१५/
पुढचा शत्रू दमटपणा. हा विषय इचलकरंजीला समजावून सांगायचा म्हणजे मासळीला पोहणे शिकवणे होय. हवा कोरडी पडली की सूत तुटते, म्हणून सुती विणकामाच्या शेडमध्ये आर्द्रता ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास राखतात. मागावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. कांस्याचा नियम याच्या उलटा आहे. ४२ ते ४६ टक्क्यांच्या पुढे गेले की कांस्यरोगाची प्रक्रिया वेग घेऊ लागते. म्हणून रोगट वस्तू ४० टक्क्यांच्याही खाली ठेवावी, असा संवर्धकांचा आग्रह असतो. पावसाळ्यात तर या शहरातली घरातली हवाच ८० टक्क्यांवर जाते.

१६/
त्यातच साठवणीच्या सवयी. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळायची, रेक्झिनच्या पिशवीत घालायची, वर लोकरी कापड, आणि ताज्या पॉलिशच्या लाकडी कपाटात बंद. प्रत्येक पायरी चुकीची. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो. पीव्हीसीचे रेक्झिन जुने होताना क्लोरीनयुक्त आम्ल सोडते. लोकरीत गंधक असते. नव्या लाकडातून व व्हार्निशमधून सेंद्रिय आम्लांच्या वाफा निघतात. तिजोरीइतके सुरक्षित वाटणारे कपाट कांस्यासाठी आम्लाची पेटी असू शकते.

१७/
आणि मग पूर. २००५, २०१९, २०२१. पंचगंगा गावात आली तेव्हा माणसे, जनावरे, माग आणि सूत वाचवण्याची धडपड झाली. ती योग्यच होती. पाणी ओसरल्यावर गाळ उपसला गेला, जंतुनाशक म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली गेली. तीही आवश्यकच होती. पण ब्लीचिंग पावडर म्हणजे पुन्हा क्लोरीन. चिखलात बुडालेली आणि मग त्याच पाण्याने धुतलेली धातूची मूर्ती वरून निर्मळ दिसते. आत क्लोराइड मुरलेले असते. रोग काही महिन्यांनी किंवा काही पावसाळ्यांनी दिसतो, आणि तोवर पुराशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षातही राहत नाही.

१८/
आता दुसरा अपराध, मौन. जुनी मूर्ती असलेली कुटुंबे तिच्याविषयी बोलत नाहीत. कारण विचारले की एकच शब्द येतो : “सरकारजमा.” हे भय पूर्णतः निराधार नाही, पण बहुतांशी ऐकीव आहे. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. तो प्राचीन वस्तूची खाजगी मालकी मान्य करतो. किमान १०० वर्षे जुन्या धातुशिल्पाची नोंदणी मात्र तो बंधनकारक करतो, मालकी बदलली तर कळवायला लावतो, आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेण्यास मनाई करतो. बेकायदा निर्यातीला ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास आहे.

१९/
सक्तीने संपादन करण्याचा अधिकार याच कायद्यात केंद्र सरकारला आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्याला मोबदल्याची अट आहे, आणि खऱ्याखुऱ्या धार्मिक उपासनेत असलेल्या वस्तूंना तो लागू होत नाही, असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. म्हणजे ज्या देवघरात सर्वाधिक भीती आहे, त्याच देवघराला कायद्याने सर्वाधिक अभय दिले आहे. नोंदणी न करणे हा मात्र गुन्हा आहे. भीतीपोटी माणसे सुरक्षित बाजू सोडून असुरक्षित बाजूला जाऊन बसली आहेत.

२०/
येथे एक रेषा स्पष्ट ओढली पाहिजे. वारशाने आलेली मूर्ती वेगळी आणि विहीर, पाया वा शेत खणताना मिळालेली वेगळी. जमिनीतून निघालेल्या, १० रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निधी कायद्यापासून बंधनकारक आहे. काल सापडलेल्या वस्तूला “आजोबांपासून घरात आहे” असा जन्मदाखला देणे ही तर इतिहासाची सरळसरळ फसवणूक होय. असा संग्राहक हौशी नसतो. तो चोरबाजाराचा आश्रयदाता असतो, आणि त्याच्या काचेच्या कपाटाला संस्कृतिरक्षणाचे नाव देणे बंद झाले पाहिजे.

२१/
मौनाची किंमत किती आणि नोंदीचे मोल किती, हे तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावाने दाखवून दिले. तेथील मंदिरातला चोळकालीन नटराज चोरीला गेला, आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो ५० लाख अमेरिकी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतला. सोबतची कागदपत्रे बनावट होती. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात त्याच मूर्तीचे मंदिरात काढलेले जुने छायाचित्र होते. ते पुढे आल्यावर ओळख पटली आणि २०१४ मध्ये नटराज भारतात परतला. देव परत आणण्यात कायद्याइतकाच, किंबहुना अधिक, वाटा एका छायाचित्राचा होता.

२२/
आता स्वतःशी प्रामाणिक राहून विचारावे : उद्या वाड्यातली मूर्ती चोरीला गेली, तर पोलिसांना काय दाखवणार? “हातभर उंच, लखलखीत, फार जुनी”? उंची, वजन, पाठीमागचा फोटो, लेखाचा ठसा, तुटलेल्या बोटाची खूण यांतले काहीच नसेल, तर ती मूर्ती परदेशातल्या लिलावात समोर दिसली तरी आपली आहे हे सिद्ध करता येणार नाही. लपवल्याने वस्तू सुरक्षित राहते हा भ्रम आहे. लपवलेली वस्तू चोराच्या सर्वाधिक सोयीची असते.

२३/
खाजगी संग्रह म्हणजे पाप, वस्तू संग्रहालयातच हवी, असे मानणाऱ्या विद्वानांनाही दोन शब्द ऐकवणे आवश्यक आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, कवी ‘अज्ञातवासी’, यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे गावोगाव फिरून जमवले. तेव्हा त्या वस्तूंना कोणी इतिहास मानत नव्हते. बालपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने उभारलेला तो सारा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिला. केळकर वाट पाहत बसले असते, तर त्यातले बरेचसे पितळ भंगाराच्या भट्टीत गेले असते.

२४/
संग्रहालयांचे दरवाजेही काही अमृताचे नाहीत. पावसाळा त्यांच्याही भिंतींत शिरतो. आर्द्रता-नियंत्रण, प्रशिक्षित संवर्धक आणि अद्ययावत सूची यांची वाण जिल्हा पातळीवर सर्वत्र आहे. म्हणून “खाजगी की सरकारी” हा वाद चुकीच्या जागी घातला जातो. विचारायचे ते हे : वस्तूची नोंद आहे का, तिचा पृष्ठभाग शाबूत आहे का, आणि अभ्यासकाला ती पाहता येते का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर वाडाही संग्रहालय आहे. ‘नाही’ असेल तर संग्रहालयही अडगळीची खोली आहे.

२५/
मग घरी काय करावे? घासणे आजच थांबवावे. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी. हाताच्या घामातही मीठ असते, म्हणून स्वच्छ हातमोजे घालूनच मूर्ती उचलावी, तीही हातापायाला धरून नव्हे, पीठाखाली हात देऊन. पॉलिप्रॉपिलीनच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरता येतात. मूर्तीखाली पांढरा कागद अंथरावा. महिन्याभरात त्यावर हिरवी पूड पडली तर दुखणे चालू आहे असे समजावे.

२६/
आणि काय करू नये? व्हिडिओ पाहून औषधोपचार करू नये. बेंझोट्रायझोल हे रसायन १९६० च्या दशकापासून कांस्य-संवर्धनात वापरले जाते, पण ते आरोग्याला अपायकारक आहे आणि क्लोराइड नीट काढल्यावाचून त्याचा लेप दिला तर रोग झाकला जातो, बरा होत नाही. वार्निश मारू नये, सोनेरी रंग तर मुळीच देऊ नये. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र ही जाणकारांची ठिकाणे आहेत. तोवर वस्तू कोरडी ठेवणे हाच निम्मा उपचार.

२७/
नोंद करणे त्याहून सोपे आहे. समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी, खालून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे. उंची, रुंदी, वजन. लेख असेल तर तिरप्या उजेडात त्याचे स्वतंत्र छायाचित्र. त्यावर पीठ वा खडू चोळू नये. आणि सर्वांत मोलाची गोष्ट : घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीने सांगितलेली त्या वस्तूची हकीकत, सांगणाऱ्याच्या शब्दांत, तारीख घालून. “कोकणातून आणली असे सासूबाई म्हणत” एवढे एक वाक्यही भावी संशोधकाला कित्येक महिन्यांच्या शोधातून वाचवू शकते.

२८/
हे काम एकेका घरावर सोडून होणार नाही. इचलकरंजी २०२२ पासून महानगरपालिका आहे. जहागिरीच्या काळापासून या गावाने संगीताला आणि ग्रंथांना आश्रय दिला. जुना राजवाडा आज तंत्रशिक्षणाचे केंद्र आहे. ज्या शहरात आर्द्रता मोजणारे, रसायने जाणणारे आणि धातू ओळखणारे हात शेकड्यांनी आहेत, तेथे वर्षातून एक दिवस ‘घरच्या वस्तूंची नोंद’ होऊ नये? मालकी ज्याची त्याच्याकडे, पत्ता गुप्त, नोंद मात्र कायमची. २००७ पासून राष्ट्रीय पातळीवर पुरावस्तूंच्या सूचीचे अभियान आहेच. त्याला गावाने हात द्यायचा आहे.

२९/
घाई का, असे कोणी विचारील. कारण वाडे पडत आहेत, वाटण्या होत आहेत. चार भावांत देव वाटले जातात तेव्हा एकत्र असलेला समूह फुटतो, आणि ब्रह्मपुरीचा ठेवा ज्यामुळे बोलका झाला तेच सूत्र तुटते. वाटणीत कोणालाच नको असलेली ‘काळी मूर्ती’ जुन्या भांड्यांबरोबर काट्यावर चढते. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार मराठीत उगाच आलेला नाही. मोडीच्या दुकानात सातवाहन आणि शिलाहार यांचा भाव एकच : किलोला अमुक रुपये.

३०/
ब्रह्मपुरीचा पोसायडन सुमारे अठराशे वर्षे मातीत राहिला. मातीने त्याला घासले नाही, लपवून विकले नाही, त्याच्याविषयी खोटेही सांगितले नाही. जे मातीला जमले ते जाणत्या माणसांना जमू नये, ही या काळाची नामुष्की ठरेल. यंदाच्या दिवाळीत एवढेच व्हावे : समया जरूर घासाव्यात, ताम्हने लखलखवावीत, आणि ती काळपट-हिरवी मूर्ती परातीबाहेर ठेवून आधी तिच्या पाठीचा एक फोटो काढावा.

(समाप्त)